अनुस्वारांसाठी कंपायलर

१९६२च्या आधी छापलेलं कुठलंही मराठी पुस्तक उघडलं की पानभर अनुस्वार दिसतात. कांहीं, नाहीं, जेव्हां, घरांत, तीं फुलें, मीं पाहिलें. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढून टाकले आणि पुढच्या पिढ्यांना ही टिंबं म्हणजे जुन्या छपाईची सजावट वाटू लागली. पण त्या टिंबांना काम होतं. ‘मीं’वरचं टिंब तृतीया दाखवतं. ‘तीं’वरचं टिंब सांगतं की इथे एक मुलगी नाही, पुष्कळ फुलं आहेत. म्हणून जुनं पान संगणकात उतरवायचं तर ते टिंबांसकट उतरलं पाहिजे, यावर मी अडून बसते.

हा आग्रह माझ्या एकटीचा नाही. एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल मला त्यांच्याकडच्या मासिकांचे स्कॅन पाठवत असतात. पानं स्वच्छ असतात, खिळे ठसठशीत उठलेले असतात, आणि तरीही ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून, बाहेर पडलेल्या मजकुरात ‘कांहीं’चं ‘काही’ झालेलं असतं.

“मॅडम, टिंब लख्ख दिसतंय पानावर. मग तुमच्या यंत्राला का दिसत नाही?”

“दिसतं सर. पण ते ज्या मराठीवर शिकलंय ती आजची आहे. समोर ‘कांहीं’ आलं तरी त्याला ‘काही’च जास्त ओळखीचं वाटतं.”

“मग त्याला जुनी मराठी शिकवा की!”

शिकवता येते. ते यंत्र म्हणजे टेसरॅक्ट. १९८५ ते १९९४ या काळात ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलं, २००५ साली त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, सगळ्यांसाठी खुला झाला, २००६पासून बरीच वर्षं गूगलने त्याचं काम पुढे नेलं आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीत त्याला न्यूरल नेटवर्कचं वाचन आलं. मराठीचं तयार मॉडेल त्याच्यासाठी मिळतं आणि सोर्स खुला असल्यामुळे त्या मॉडेलला आपल्या पानांवर पुढे शिकवण्याची अवजारंही मिळतात. मला पाचवी मालिका हवी होती. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स आहे, त्याच्या तयार पॅकेजांच्या भांडारात ४.१.१ होती. शिवाय आत हात घालायचा तर सोर्स आपल्याकडे असलेला बरा. तेव्हा सोर्स उतरवून घरीच बिल्ड करायचं ठरवलं, म्हणजे कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमकडून त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करून घ्यायचं.

बिल्ड करण्याआधी काय काय आणून ठेवायचं, त्याची यादी टेसरॅक्टच्या दस्तऐवजांत दिलेली आहे. जी++, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग. मग चित्रं उघडणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारे तयार कोडचे संच: लिबपीएनजी-डेव्ह, लिबजेपेग-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह. या सगळ्यांवर उभी असलेली, चित्रांवर काम करणारी लायब्ररी लेप्टोनिका. शिकवण्याची अवजारं हवी असतील तर आणखी तीन: आयसीयू, पँगो आणि कैरो, तिन्हींच्या डेव्ह आवृत्त्या. आणि सगळ्यांच्या बुडाशी बिल्ड-इसेन्शियल. या पॅकेजमध्ये स्वतःचं असं जवळपास काहीच नसतं. जीसीसी आणि जी++ हे कंपायलर, मेक, सी लायब्ररीच्या हेडर फाइली आणि डीपीकेजी-डेव्ह यांना बोलावून आणणं एवढंच त्याचं काम.

‘ॲप्ट बिल्ड-डेप’ असा एक आदेश आहे, त्याने ही सगळी यादी एका दमात येते. तो उत्तम आहे आणि घाईत असलेल्या माणसाने तोच द्यावा. मी मात्र पहिल्यांदा काही बिल्ड करताना एकेक नाव हाताने आणते. कुठलं पॅकेज कशासाठी आलं हे त्यामुळे डोक्यात राहतं. पुढे काही मोडलं तर कुठे बघायचं ते लगेच सुचतं.

‘डेव्ह’ या शेपटापाशी नवा माणूस हमखास अडतो. त्याच्या मशीनवर लिबपीएनजी आधीच असते. ती नसती तर डेस्कटॉपवरची निम्मी चित्रं उघडलीच नसती. तरीही बिल्ड करताना कंपायलर म्हणतो, ‘पीएनजी डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. लायब्ररी आहे म्हणावं तर ही एरर आणि नाही म्हणावं तर चित्रं दिसतायत. याचं उत्तर साधं आहे. तयार प्रोग्रॅम चालवायला लायब्ररीचा यंत्रभाषेतला भाग पुरतो, म्हणजे ‘एसओ डॉट १६’ अशा आकड्याने संपणारी फाइल. नवा प्रोग्रॅम बिल्ड करताना मात्र कंपायलरला आधी कळावं लागतं की या लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत, ती काय घेतात, काय परत देतात. ते लिहिलेलं असतं हेडर फाइलीत. तुकडे जोडणाऱ्या लिंकरला आकड्याशिवायचं नाव लागतं, त्यासाठी एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव, लागते. लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला ‘पीसी’ शेवट असलेली छोटी फाइल लागते. हे सगळं मिळून डेव्ह पॅकेज. डेबियन या लिनक्स वितरणाने वापरणाऱ्याचा भाग आणि बिल्ड करणाऱ्याचा भाग मुद्दाम वेगळे ठेवले, उबुंटूने तेच उचललं. फेडोरात त्याच पॅकेजला ‘डेव्हल’ म्हणतात. आर्चवर असा वेगळा भागच नाही, सगळं एकत्र येतं.

कुठली हेडर फाइल कुठल्या पॅकेजात आहे हे नावावरून नेहमीच कळत नाही. झेडलिब डॉट एच हवी असेल तर पॅकेजचं नाव झेडलिब१जी-डेव्ह. त्यातला ‘जी’ नव्वदीच्या दशकातला आहे. लिनक्स जुन्या सी लायब्ररीवरून जीलिबसीवर जात होता तेव्हा नव्या लायब्ररीशी जोडलेली पॅकेजं ओळखू यावीत म्हणून तो लावला आणि तो तसाच राहिला. अशा वेळी ‘ॲप्ट-फाइल सर्च’ वापरावं. फाइलचं नाव द्यायचं, ते पॅकेजचं नाव सांगतं. मराठीत लिनक्स शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच तासाला हा आदेश शिकवावा असं मला फार वाटतं, कारण ‘नो सच फाइल’ बघून जितकी पोरं परत विंडोजकडे गेली तितकी दुसऱ्या कशाने गेली नसतील.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेल्या माझ्या वयाच्या लोकांना तर ही एरर एका ठरलेल्या नावानेच पहिल्यांदा भेटली: कोनिओ डॉट एच. आम्ही सी शिकलो ते टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. एडिटर, कंपायलर, लायब्रऱ्या सगळं एकाच डिरेक्टरीत. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘क्लिअर स्क्रीन’, शेवटी ‘गेटच’, हे जर्नलमध्ये इतक्यांदा लिहिलेलं की तीच सी भाषा असं आम्ही समजत होतो. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर जीसीसीला दिला की पहिल्या चार ओळींतच तो थांबायचा. कोनिओ ही डॉसवरच्या कंपायलरांची सोय होती, सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ती कधीच नव्हती. भाषा कुठे संपते, लायब्ररी कुठे सुरू होते आणि त्या खाली ऑपरेटिंग सिस्टिम कुठे असते, हे त्या एका एररने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं अख्ख्या सेमिस्टरने दाखवलं नव्हतं.

टर्बो सीची पहिली आवृत्ती १९८७ची. आणि जीसीसीची पहिली बीटा आवृत्तीही १९८७च्या मार्चमधलीच. एक कंपनीने विकण्यासाठी केलेला, दुसरा रिचर्ड स्टॉलमनने वाटण्यासाठी. स्टॉलमनने १९८३ साली सगळ्यांना मुक्तपणे वापरता येईल अशी सिस्टिम करण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हा कंपायलर आधीच तयार असलेला घ्यावा असा त्याचा विचार होता. ॲमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीचा कंपायलर त्याने मागून पाहिला. उत्तर आलं की युनिव्हर्सिटी फ्री आहे, कंपायलर नाही. मग लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला पेस्टल नावाचा कंपायलर घेतला, पण त्याला स्टॅकची कित्येक मेगाबाइट जागा लागायची आणि तेव्हाच्या ६८००० चिपवरच्या युनिक्समध्ये ६४ किलोबाइटच मिळायची. शेवटी त्याने स्वतः पहिल्यापासून लिहायला घेतलं. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आपली नवी सिस्टिम लोकांना सांगितली त्या पहिल्या निवेदनातच आहे की बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० त्यावर चालतायत. म्हणजे लिनक्सची बातमी लोकांना कळली त्याच दिवशी कंपायलर त्याच्यासोबत होता. आज बिल्ड-इसेन्शियलमधून फुकट उतरणाऱ्या जी++मागे ही सगळी खटपट आहे. मी तो इन्स्टॉल करते तेव्हा ती मला आठवते आणि आठवावीच असं वाटतं.

यादी आणून झाली की ‘ऑटोजेन’ आणि मग ‘कॉन्फिगर’. लग्नघरी आचारी आदल्या दिवशी येऊन चुली किती, पातेली केवढी, पाणी कुठून येतं हे बघून जातो, तसं हे कॉन्फिगर मशीन बघून घेतं. पडद्यावरून ओळी धावतात: ‘चेकिंग फॉर जीसीसी’, ‘चेकिंग व्हेदर द सी कंपायलर वर्क्स’, ‘चेकिंग व्हेदर वी आर क्रॉस कंपायलिंग’. बहुतेक लोक त्या ओळींकडे बघत नाहीत. मी मात्र एकदा कॉन्फिग डॉट लॉग उघडून बघा असं सगळ्यांना सांगते. कॉन्फिगर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. कंपायलर चालतो का? कॉन्फिगर ‘कॉन्फटेस्ट’ नावाचा दोन-तीन ओळींचा सी प्रोग्रॅम स्वतः लिहितं, ‘मेन’ आणि ‘रिटर्न शून्य’ एवढाच, कंपाइल करतं, चालवतं आणि मग ‘यस’ लिहितं. अमुक हेडर आहे का? ते हेडर घालून नवा कॉन्फटेस्ट. अमुक फंक्शन लायब्ररीत आहे का? ते फंक्शन बोलावणारा आणखी एक. काम झालं की फाइल पुसून टाकतं. नापास झालेले ते इवलेसे प्रोग्रॅम मात्र लॉगमध्ये जसेच्या तसे नोंदलेले राहतात आणि त्याखाली कंपायलरने काढलेली तक्रार. ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ हे भीतीदायक वाक्य पडद्यावर आलं तरी खरं कारण त्या लॉगमध्ये दोन ओळींत असतं.

टेसरॅक्टच्या कॉन्फिगरमधलं एक वाक्य मला विशेष आवडतं. लेप्टोनिका सापडली नाही तर ते म्हणतं की लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची हवी, आणि पुढे लगेच, लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज इन्स्टॉल करून बघा. काय हवं, कितवं हवं आणि ते कुठे मिळेल, सगळं एकाच एररमध्ये. हे लिहिणाऱ्याला दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत होता. सरकारी कार्यालयातल्या खिडकीवर असं उत्तर मिळालं असतं तर आपले किती हेलपाटे वाचले असते!

पण सगळ्याच उणिवा कॉन्फिगर असं बोलून दाखवत नाही. लेप्टोनिका भांडारातून न घेता सोर्समधून बिल्ड केली तर हे नीट कळतं. तिच्या दृष्टीने पीएनजी, जेपेग, टिफ या तिन्ही लायब्रऱ्या ऐच्छिक आहेत. लिबपीएनजी-डेव्ह मशीनवर नसेल तर कॉन्फिगर ‘नो’ लिहून पुढे जातं, बिल्ड यशस्वी होतो, त्यावर टेसरॅक्टही यशस्वी बिल्ड होतं, इन्स्टॉल होतं, आवृत्ती विचारली तर सांगतं. आणि पहिलं पीएनजी चित्र दिलं की ‘पिक्स रीड स्ट्रीम पीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट’. लेप्टोनिकाने त्या फंक्शनच्या जागी रिकामं फंक्शन ठेवलेलं असतं, जे फक्त एवढंच सांगतं की मी नाही. माणूस मग टेसरॅक्टमध्ये दोष शोधत बसतो, मॉडेल पुन्हा उतरवतो, चित्र बदलून बघतो. उणीव असते दोन पायऱ्या खाली आणि ती दूर करायची तर डेव्ह पॅकेज आणून लेप्टोनिका पुन्हा कॉन्फिगर करून पुन्हा बिल्ड करावी लागते. नुसतं पॅकेज इन्स्टॉल करून काही होत नाही, कारण निर्णय बिल्डच्या वेळीच झालेला असतो. म्हणून कॉन्फिगरच्या ओळींतले ‘नो’ वाचायची सवय मी स्वतःला लावली आहे. ‘यस’ वाचले नाहीत तरी चालतात.

त्यानंतर ‘मेक’. हा १९७६चा, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनचा. त्यांचा एक सहकारी आधीच दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅममधली चूक अख्खी सकाळ शोधत बसला होता, कारण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झालेली नव्हती. त्यातून मेक निघाला: कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवा, वेळा मी बघतो, बदललं असेल तेवढंच पुन्हा करतो. आता निंजा आहे, सीमेक आहे, मेसन आहे, पण खालचा विचार तोच. टेसरॅक्टचा सी++ सोर्स सी++१७ मागतो, उबुंटू २२.०४मधला जीसीसी ११ त्याला पुरतो, जुन्या सर्व्हरवरचा कंपायलर पुरत नाही आणि कॉन्फिगर तिथेच थांबवतं. लॅपटॉपची मेमरी कमी असेल तर ‘मेक’ला सगळे कोअर देऊ नयेत. जीसीसीचा सी++ कंपाइल करणारा भाग म्हणजे सीसी१प्लस, तो एकेक भरपूर मेमरी खातो, मेमरी संपली की कर्नल त्यातल्या एकाला मारतो आणि पडद्यावर येतं, ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’. सोर्समध्ये काही बिघडलेलं नसतं. ‘जे२’, म्हणजे एका वेळी दोनच कामं, असं दिलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

‘सुडो मेक इन्स्टॉल’ झाल्यावर टेसरॅक्ट चालवायला जावं तर पुन्हा नकार: ‘लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ५’ उघडता येत नाही. फाइल तर यूएसआर-लोकल-लिबमध्ये डोळ्यांसमोर असते. प्रोग्रॅम सुरू करताना लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर प्रत्येक वेळी डिस्क धुंडाळत नाही, तो एका तयार नोंदवहीत बघतो आणि नव्या लायब्ररीची नोंद तिथे अजून झालेली नसते. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ म्हटलं की नोंद होते. एवढंच.

मग खरं काम, शिकवण्याचं. इथेच ती शेवटची तीन नावं लागतात. ओसीआरला शिकवायला चित्र आणि त्यातला अचूक मजकूर अशा जोड्या लागतात, हजारोंनी. एवढी जुनी पानं हाताने टाइप करून मिळत नाहीत. म्हणून टेसरॅक्टमध्ये ‘टेक्स्ट२इमेज’ नावाचं अवजार आहे. त्याला मजकूर आणि फॉन्ट दिला की ते तो मजकूर चित्र म्हणून छापून देतं, टिफ फाइल आणि सोबत कुठलं अक्षर कुठे आहे त्याचा हिशेब. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी तपासून ठेवलेली जुनी पुस्तकं मी मजकूर म्हणून वापरते. त्यांत ‘कांहीं’ आणि ‘मीं’ जिथल्या तिथे आहेत. म्हणजे यंत्राला वाचायला शिकवायच्या आधी त्याला लिहायला लावावं लागतं. आणि ते लिहिणं होतं पँगो आणि कैरोकडून, पँगोच्या आत हार्फबझकडून, हार्फबझच्या शेजारी असलेल्या फ्रीटाइपकडून.

मराठी माणसाने हार्फबझ हे नाव माहीत करून घ्यावं. युनिकोडमध्ये ‘वाऱ्या’ हा शब्द साठवला जातो तो व, काना, ऱ, हलन्त, य, काना असा एकापाठोपाठ. त्यातून ऱ आणि हलन्त यांच्या जागी ती आडवी पापणी काढायची, आणि ‘सूर्य’मध्ये मात्र साध्या र आणि हलन्ताचा रफार करून तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे फॉन्टमधले नियम वाचून हार्फबझ ठरवतं. ऱ्हस्व इकार उच्चारानंतर येतो पण डावीकडे काढायचा, तेही तेच. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणाची आणि हिंदी वळणाची अशी दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे हार्फबझला सांगितलं तरच मराठी रूप निघतं. हे सांगायला विसरलेला मजकूर घेऊन मॉडेल शिकवलं तर ते निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांवरचा ल कसा ओळखणार? लिहिताना झालेली गफलत वाचनात उतरते. म्हणून हार्फबझ बिल्ड करून त्याच्यासोबत येणारं ‘एचबी-शेप’ मी आधी चालवून बघते. त्याला ‘तऱ्हा’ द्यायचा, ते कुठली अक्षररूपं निवडली त्यांची यादी देतं. ती यादी बरोबर आली की मग पुढे.

हार्फबझ आणि फ्रीटाइप यांची एक गंमत आहे. हार्फबझ फॉन्ट वाचायला फ्रीटाइपची मदत घेऊ शकतं आणि फ्रीटाइप अक्षरं पडद्यावर रेखीव बसवायला हार्फबझची. ही मदत हवी असेल तर दोघांनाही दुसरा आधी हवा. सगळं शून्यापासून बिल्ड करणारे लोक आधी हार्फबझशिवायचं फ्रीटाइप करतात, त्यावर हार्फबझ, आणि मग फ्रीटाइप पुन्हा, या वेळी हार्फबझसकट. जीसीसी स्वतःलाही असाच बिल्ड करतो: हाताशी असलेल्या कंपायलरने पहिला, त्या पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि दुसरा-तिसरा तंतोतंत जुळले तरच पास. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं.

या साखळीला आणखी एक टोक आहे आणि ते गंभीर आहे. बिल्ड झालेल्या टेसरॅक्टवर ‘एलडीडी’ चालवलं की ते कुणाकुणावर उभं आहे त्याची यादी येते. लेप्टोनिका, लेप्टोनिकामुळे लिबटिफ, लिबटिफमुळे लिबएलझेडएमए. ही शेवटची, फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड प्रकल्पाची. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाने जगाला कळवलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. त्याला संशय आला तो एवढ्यावरून की त्याच्या डेबियनवर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, केलेल्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. प्रकल्प बरीच वर्षं लासे कॉलिन हा एकच माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग हे केलं. आणि केलं कुठे? बिल्डमध्ये. गिटवरच्या सोर्समध्ये नसलेली, फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, घातलेली बिल्डच्या सूचनांची एक एमफोर फाइल, जी कॉन्फिगर चालताना चाचणीसाठी ठेवलेल्या बिघडलेल्या फाइलींतून विष बाहेर काढायची. तेही डेबियन किंवा आरपीएम पॅकेज तयार होत असेल तरच. कॉन्फिगरच्या ज्या धावत्या ओळी कुणी वाचत नाही, त्यांच्याच आडोशाला.

माझ्या उबुंटूवर जुनी ५.२.५ होती, स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचायच्या आत पकडलं गेलं. पण गावच्या वाचनालयातल्या मासिकांपासून एलडीडीच्या त्या ओळीपर्यंतचं अंतर किती थोडं आहे हे तेव्हा मला कळलं. बिल्ड करणारी, लॉग वाचणारी माणसं जगात पुष्कळ हवीत, आणि त्यांत मराठी माणसं पुष्कळ हवीत. आपल्या अक्षरांचे निर्णय याच लायब्रऱ्यांत होतात. ‘ऱ्य’ तुटून दिसला तर ‘मराठीला कुणी वाली नाही’ म्हणून उसासा टाकणारे आपण खूप आहोत. हार्फबझचा सोर्स उतरवून, कुठल्या फॉन्टच्या कुठल्या नियमात अडलंय ते शोधून, चार ओळींचा बग नोंदवणारे फार थोडे. तो नोंदवायला इंग्रजी फार लागत नाही आणि पैसे तर अजिबात लागत नाहीत. बिल्ड-इसेन्शियल, थोडी चिकाटी आणि डिस्कवर जागा, बस्स.

आता मॉडेल जुनी मराठी बऱ्यापैकी वाचतं. पुढे शिकवायला ‘फास्ट’ प्रकारचं तयार मॉडेल चालत नाही, ‘बेस्ट’ घ्यावं लागतं, हे ज्यांना करायचंय त्यांनी लक्षात ठेवावं. ‘कांहीं’ दोन्ही टिंबांसकट येतं, ‘तीं फुलें’ही येतं. त्यासोबत नवी अडचण आली आहे: टिंबं शोधायला शिकलेलं मॉडेल कागदावरच्या डागांनाही अनुस्वार समजू लागलं. ग्रंथपाल सरांनी पाठवलेल्या एका अंकात ‘पाणी’चं ‘पांणी’ झालं होतं. “आता जरा जास्तच शिकलं मॅडम,” असं म्हणून त्यांनी ते पान लाल शाईत तपासून पाठवलं.

त्यांच्याच गावचा, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा या डागांच्या मागे लागला आहे. लेप्टोनिकात ठरावीक आकाराहून लहान ठिपके वेचून काढणारी फंक्शनं आहेत. मर्यादा किती ठेवली तर डाग जाईल आणि अनुस्वार राहील, हे तो वाचनालयातल्या संगणकावर बघतो आहे. परवा त्याचा फोन आला.

“ताई, कॉन्फिगर पास झालं, पण टिफपुढे ‘नो’ दिसतंय. मेक मारू का?”

“नको. आधी लिबटिफ-डेव्ह आण, मग कॉन्फिगर पुन्हा चालव.”

“म्हणजे ‘नो’ असलं तरी बिल्ड होईल, पण स्कॅन उघडणार नाहीत?”

“बरोबर. तुझे सगळे स्कॅन टिफमध्येच आहेत ना?”

“हो. मग थांबा ताई, फोन चालू ठेवा, आत्ताच करतो.”